थॅलॅमसची नावं घोकत बसू नकोस

अगं, मेसेज वाचला तुझा. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मधलं रिले स्टेशन, त्याच्या न्यूक्लियसची (पेशींच्या गटांची) नावं रात्री पाठ होतात आणि सकाळी उडून जातात म्हणतेस, मग उडणारच ना, व्हीपीएल, व्हीपीएम, व्हीए, व्हीएल अशी नुसती लघुरूपं घोकली तर कोणाच्या लक्षात राहील. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचार, तुझ्याकडे येतं कुठून आणि कॉर्टेक्समध्ये (मेंदूच्या बाहेरच्या थरात) पाठवतोस कुठे.

व्हीपीएलकडे मीडियल लेम्निस्कस आणि स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट हे खालून संवेदना आणणारे दोन मार्ग येतात, म्हणजे धड आणि हातापायांचा स्पर्श, दुखणं, गरम-गार सगळं. चेहरा आणि चव व्हीपीएमकडे. आता व्हीपीएलमध्ये छोटासा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) झालेला पेशंट डोळ्यासमोर आण. आधी उलट्या बाजूचं अर्धं अंग बधिर, आणि काही आठवडे-महिन्यांनी त्याच बधिर हातात आग आग सुरू होते, शर्टाची बाही नुसती घासली तरी माणूस कळवळतो. डेजेरीन आणि रूसी यांनी 1906 मध्ये मांडलेला सिंड्रोम हाच. हा पेशंट एकदा कळला की व्हीपीएल जन्मात विसरणार नाहीस.

लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस म्हणजे लाइट (दृष्टी), मीडियल म्हणजे म्युझिक (ऐकणं), हे तुला येतंच असेल. लॅटरलचे सहा थर मात्र व्हायवात हमखास विचारतात, 2, 3, 5 त्याच बाजूच्या डोळ्याचे आणि 1, 4, 6 विरुद्ध बाजूच्या, दोन अधिक तीन पाच हे बरोबर आणि एक अधिक चार सहा हे चूक, झालं. वास तेवढा थॅलॅमसला न विचारता थेट कॉर्टेक्सला पोचतो.

व्हीएला बेसल गँग्लियाकडून (मेंदूतल्या खोल, हालचाल सांभाळणाऱ्या गटांकडून) येतं, व्हीएलला सेरेबेलमकडून (लहान मेंदूकडून), दोघं पुढे हालचालीच्या मोटर एरियांकडे पाठवतात. या व्हीएलच्याच मागच्या भागात, व्हिम नावाच्या तुकड्यात, हाताच्या कंपासाठी इलेक्ट्रोड घालतात, 1987 मध्ये फ्रान्सच्या ग्रेनोबलला न्यूरोसर्जन बेनाबिद यांनी सुरू केलं ते. पेशंट जागा असतो, त्याला कागदावर गोल गोल स्पायरल काढायला लावतात, करंट सुरू केला की थरथरणारी रेघ बघता बघता सरळ होते.

आणि रेटिक्युलर न्यूक्लियसला बाकीच्यांच्या रांगेत बसवू नकोस, तो कॉर्टेक्सला काहीच पाठवत नाही, गाबा हे शांत करणारं रसायन स्रवून थॅलॅमसच्याच बाकी न्यूक्लियसना दाबतो, झोपेतले स्पिंडल्स (ईईजीवर दिसणारे लहरींचे छोटे झुबके) त्याच्यामुळेच.

अँटिरियर आणि एमडी (मीडिओडॉर्सल) हे न्यूक्लियस राहिले, ते तू कर, पण कोऱ्या कागदावर आधी थॅलॅमसला विभागणारी वाय आकाराची लॅमिना (पांढरा पडदा) काढ, मग एकेक बसव आणि फोटो पाठव, रविवारी निवांत बघतो.