पांढऱ्याशुभ्र किचनसाठी एफडी मोडावी का?

कोथरूडहून एका ताईंनी विचारलंय: चार वर्षांपूर्वी केलेलं पांढऱ्या अॅक्रिलिकचं मॉड्युलर किचन आता नकोसं झालंय. "दवाखान्यात चहा प्यायल्यासारखं वाटतं," असं सासूबाई म्हणतात. सगळं उपसून लाकडी रंगाचं नवं किचन करायला साडेचार लाखांचं कोटेशन आलंय. सहा लाखांची एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं?

ताई, दोन्ही नको.

तुम्हीच कळवलेले आकडे बघू. घरात येतात 1 लाख 10 हजार. गृहकर्जाचा हप्ता 42 हजार, घरखर्च 45 हजार, एसआयपी 12 हजार. हातात उरतात 11 हजार. हप्ता आणि घरखर्च मिळून सहा महिन्यांचे होतात सव्वापाच लाख, म्हणजे ही एफडी हीच तुमची अडीनडीची गंगाजळी. त्यातून साडेचार लाख काढले तर मागे पावणेदोन महिन्यांचा खर्च उरतो. शिवाय मुदतीआधी मोडली की व्याज कमी दराने मिळतं आणि वर बहुतेक बँका अर्धा-एक टक्का दंड कापतात.

कर्जाचं म्हणाल तर 14 टक्के दराने तीन वर्षांसाठी हप्ता बसतो सुमारे 15,400 रुपये. उरतात 11 हजार. म्हणजे एसआयपीला कात्री लागणार आणि व्याजापोटी लाखाच्या वर जाणार. घर विकताना हे पैसे वसूल होतील, या भ्रमात तर राहूच नका. गिऱ्हाईक आधी एरिया, कार्पेट आणि पार्किंग विचारतं.

आता मुद्द्याचं. तुमची तक्रार कपाटांच्या सांगाड्याबद्दल नाही, दिसण्याबद्दल आहे. प्लाय चार वर्षांत खराब होत नाही. सिंकखाली फुगलंय का तेवढं बघून घ्या. आधी दिवे बदला. छतात बहुधा 6500 केल्विनचे निळसर पांढरे दिवे असतील, त्याने चकचकीत अॅक्रिलिक आणखीच अंगावर येतं. तिथे 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर, लावा. ओट्यावर, वरच्या कपाटांखाली, 4000 केल्विनच्या दिव्यांची पट्टी. फार पिवळ्या उजेडात कोथिंबीर निवडताना पिकलेलं पान कळत नाही. काही हजारांचं काम, उरलेल्या 11 हजारांतून महिन्या-दोन महिन्यांत होईल. मग तिथेच बसून पंधरा दिवस चहा प्या.

बसून म्हणजे खरंच बसून. सासूबाईंना मटार सोलायला स्वयंपाकघरात जागाच नसेल, तर साडेचार लाखांचं लाकूडही काही कामाचं नाही. भिंतीला घडीचं टेबल आणि दोन स्टूल टाका. तांबट आळीतून पितळेचे दोन डबे आणा. नुसते मांडायचे असतील तर कल्हईचाही खर्च नाही.

तरीही मन भरलं नाही, तर फक्त ओट्याखालची शटर बदला: लाकडी पोताचं मॅट लॅमिनेट, बिजागऱ्या चांगल्या असतील तर त्याच. वरची पांढरीच राहू द्या, नाहीतर उजेड मरेल. एफडी मार्चमध्ये मुदतीवर येतेय ना? तेव्हा सव्वापाच लाख पुन्हा गुंतवा आणि वरच्या पाऊण लाखात हे बसवा. कोटेशनमध्ये मजुरी, सामान आणि 18 टक्के जीएसटी वेगवेगळे लिहून घ्या, आणि काम पुरं होईपर्यंत शेवटचा हप्ता हातात ठेवा.