रोस्टबरोबरच्या ‘ग्रेव्ही’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची पाककृती लिहिते आहे. ‘होममेड ग्रेव्ही फॉर अ हॉलिडे रोस्ट’ या मथळ्यापाशीच अडले. ग्रेव्हीला ‘रस्सा’ म्हणू, ‘मांसरस’ म्हणू, की आहे तसाच शब्द ठेवू? शिवाय ड्रिपिंग्ज, गिब्लेट्स आणि कॉर्नस्टार्च यांचं काय करायचं?

‘ग्रेव्ही’च ठेवा. मात्र पहिल्या एक-दोन ओळींतच ही कुठली ग्रेव्ही ते सांगून टाका, कारण मराठी वाचकाच्या डोक्यात हा शब्द आधीच दुसऱ्या पदार्थाने अडवून ठेवला आहे. हॉटेलात वेटर ‘ड्राय की ग्रेव्ही?’ असं विचारतो तेव्हा त्याला कांदा, टोमॅटो, काजू असं वाटण तेलावर परतून केलेला दाट रस अभिप्रेत असतो. भटारखान्यात लाल, पिवळी, पांढरी अशा ग्रेव्ह्या पातेली भरभरून तयार असतात, आणि ऑर्डर आली की त्यात पनीर नाहीतर चिकन पडतं. थोडक्यात, आपली ग्रेव्ही आधी आणि मुख्य जिन्नस नंतर. तुमच्या टर्कीचं बरोबर उलट आहे. पक्षी ओव्हनमध्ये कोरडाच भाजला जातो, तो बाहेर काढल्यावर ट्रेच्या तळाशी जे उरतं त्यातून ग्रेव्ही होते, आणि ती पानात वरून ओततात. मसाला म्हणाल तर मीठ, मिरी आणि फार तर थाइम-सेजची दोन पानं.

आपण इंग्रजी शब्द घेतला आणि त्याचा अर्थ बिघडवला, असं यावर कोणी म्हणेल. पण या शब्दाचा इतिहास पाहिला तर बिघडवणारे आपण एकटेच नाही. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांच्या पाककृती सुमारे १३९० साली लिहून ठेवल्या गेल्या. त्यांत सशाची ‘ग्रेवी’ आहे. सशाचे तुकडे करून अर्धवट उकडायचे, सोललेले बदाम चांगल्या अळणी रसात वाटून घ्यायचे, त्यात साखर आणि सुंठपूड घालायची आणि हे सगळं मांसासकट उकळायचं. ट्रे नाही, ठिबकलेली चरबी नाही, मैदाही नाही. आजच्या कुठल्याही ‘शाही ग्रेव्ही’शेजारी ही पाककृती खपून जाईल. भाजलेल्या मांसातून सुटणारा रस हा अर्थ इंग्रजीत रुळला तो पुढे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस.

शब्दसुद्धा मुळात चुकून तयार झाला असावा असं मानतात. जुन्या फ्रेंचमध्ये ‘ग्राने’ असा शब्द होता, त्याचं नातं दाणा किंवा मसाल्याचा दाणा या अर्थाच्या शब्दाशी लावतात. हस्तलिखितांत ‘एन’ आणि ‘यू’ ही दोन्ही अक्षरं दोन उभ्या फटकाऱ्यांची, आणि त्या काळी ‘यू’ आणि ‘व्ही’ यांत भेद नव्हता. कोणीतरी ‘ग्राने’चं ‘ग्रावे’ वाचलं आणि तेच चालू पडलं. मोडी वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

आता ‘रस्सा’. त्याचा दावा वाटतो तितका कच्चा नाही, त्यामुळे तो एका वाक्यात निकालात काढता येत नाही. कोल्हापूरच्या मटणाच्या ताटात सुकं वेगळं असतं आणि तांबडा-पांढरा वाट्यांतून वेगळा येतो. तो रस्साही त्याच मटणाच्या अळणी पाण्यातून केलेला असतो. मांसाचाच रस आणि तोही वेगळा वाढलेला, इथपर्यंत ग्रेव्हीशी पटतं. फरक दोन ठिकाणी पडतो. अळणी पाणी हे उकडल्याचं, ग्रेव्ही ही भाजल्याची, आणि त्यामुळे चव मुळातच निराळी. दुसरं म्हणजे रस्सा ओरपतात. पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली तर कोणी वळून बघत नाही, उलट यजमान आणखी वाढतो. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर ग्रेव्हीचं भांडं तोंडाला लावून बघा! ग्रेव्ही म्हणजे लावण, भुरका मारायची वस्तू नव्हे. तुम्ही ‘रस्सा’ लिहिलंत तर वाचक हमखास भाताचा आकार बघून प्रमाण चौपट करणार.

‘मांसरस’ आयुर्वेदात आहे, पण तो पथ्याचा, ताकद यावी म्हणून प्यायचा. सणाच्या ताटात तो आजाऱ्यासारखा दिसेल. ‘कालवण’ त्याहून जवळचं वाटू शकतं, कारण कालवून खायचं ते कालवण आणि कुस्करलेल्या बटाट्यात ग्रेव्ही कालवूनच खातात. पण कालवण म्हटलं की त्यात मासळीचे नाहीतर मटणाचे तुकडे आलेच.

वरून ओतायचा रस ही कल्पना मात्र आपल्याला अजिबात नवी नाही. गोव्यात संध्याकाळी गाड्यावर मिळणारं ‘रोस ऑम्लेट’ घ्या. ऑम्लेट तव्यावर वेगळं होतं, आणि शागोतीचा (वाटणातल्या कोंबडीचा) ‘रोस’, म्हणजे आपला रसच, पळीने त्यावर सोडतात. कोंबडीचा तुकडा आला तर नशीब. पुण्या-मुंबईकडे मिसळीवर ओतायला जे जास्तीचं मागतात त्याला ‘सँपल’ म्हणतात, नागपूरकडे ‘तर्री’. कामाच्या दृष्टीने बघितलं तर इंग्रजी ग्रेव्हीच्या सगळ्यात जवळ ‘सँपल’च येतं. टर्कीला ते लावा असं मी सुचवणार नाही, पण वाचकाला समजावून सांगताना ‘मिसळीवर सँपल ओततात तशी’ एवढं लिहिलंत की एक परिच्छेद वाचेल.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न नामाचा नाहीच, क्रियापदांचा आहे. ‘ग्रेव्ही’ खुशाल इंग्रजी राहू दे. तिच्या भोवतीची कृती मात्र अस्सल मराठीत लिहिता येते, कारण ती प्रत्येक क्रिया आपल्या स्वयंपाकघरात आहे. लोक मराठी पाककृतीत ‘पॅन डिग्लेझ करा’ (म्हणजे तळाला चिकटलेलं पाणी घालून सोडवा) असं लिहितात तेव्हा मला हसू येतं. ट्रेला चिकटलेला तपकिरी थर म्हणजे खरवड. दुधाच्या पातेल्याची असते तीच, फक्त मांसाची. करपलेली असेल तर मात्र ती खरवड नव्हे, कोळसा, आणि तिने सगळी ग्रेव्ही कडू होते, हे बजावून लिहा.

अशी लिहिता येईल: टर्की बाहेर काढून बाजूला ठेवा. ट्रेमधला रस काचेच्या उंच भांड्यात ओता आणि पाच-दहा मिनिटं हलवू नका. चरबीचा तवंग वर येईल, तो चमच्याने वेगळा काढून ठेवा. टाकू नका. ट्रे शेगडीवर मंद आचेवर ठेवून त्यात थोडं गरम पाणी घाला आणि लाकडी उलथन्याने खरवड सोडवून घ्या. एका पातेलीत दोन मोठे चमचे तवंग घेऊन त्यावर दोन मोठे चमचे मैदा कच्चट वास जाईपर्यंत परता. मग खाली राहिलेला रस, सोडवलेली खरवड आणि अळणी पाणी असं सगळं मिळून एक कपभर गरम द्रव थोडा थोडा घालत ढवळत राहा, म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. उकळी फुटली की ग्रेव्ही दाटेल. पळीवाढी झाली की उतरवा, थोडी सैलच असताना, कारण निवताना आणखी आळते.

यात ‘रू’ (चरबीत परतलेला मैदा), ‘फाँद’ (खरवड), ‘सिमर’ (मंद उकळणं) यांतला एकही शब्द आला नाही आणि काही अडलंही नाही. मैदा आधी चरबीत का परतायचा, हेही सांगण्यासारखं आहे. पिठाच्या कणाकणाला चरबी लागली की ते एकमेकांपासून सुटे राहतात, गरम रस पडल्यावर सुटे सुटेच फुगतात. कोरडं पीठ थेट उकळत्या रसात टाकलं तर बाहेरचे कण लगेच फुगून आतलं कोरडं पीठ कोंडतात, तीच गुठळी. ‘पीठ लावणे’ हा आपला शब्दप्रयोगही इथे चपखल बसतो. ताकातल्या चाकवताला लावतो तसंच हे.

मथळ्याकडे येतो. ‘हॉलिडे’ म्हणजे सुट्टी नव्हे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंतच्या दिवसांना हा शब्द लावतात, तेव्हा ‘सणाचं जेवण’ लिहा. ‘होममेड’चं भाषांतर ‘घरगुती’ करू नका. दुकानात विकत मिळणाऱ्या मसाल्या-लोणच्यांवर ‘घरगुती’ छापून छापून त्या शब्दाचा अर्थच पातळ झाला आहे. ‘घरी केलेली’ बरं. आणि हे विशेषण तिकडे लागतं त्याला कारण आहे: ब्रिटनमध्ये ‘बिस्टो’ची पूड १९०८ पासून मिळते, अमेरिकेतही ग्रेव्ही बरणीत आणि पाकिटात विकत मिळते. आमटीला कोणी ‘घरी केलेली आमटी’ म्हणत नाही.

‘ड्रिपिंग्ज’ला ‘ट्रेमधला रस आणि चरबी’ म्हणा. ‘ठिबक’ सुचलं होतं, पण लोकांना उसाचं शेत दिसेल. ब्रिटिश पाककृती समोर असेल तर सावध राहा: तिकडे एकवचनी ‘ड्रिपिंग’ म्हणजे नुसती गोठलेली चरबी, पावाला लावून खायची. गिब्लेट्स म्हणजे टर्कीच्या पोटात पिशवीत घालून दिलेली मान, हृदय, कलेजी आणि पेठा. खाटकाकडे ‘कलेजी-पेठा’ मागणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. यांचं अळणी पाणी ग्रेव्हीसाठी उत्तम होतं, फक्त कलेजी त्यात उकळू नका, कडवट चव उतरते.

राहिला कॉर्नस्टार्च. हा आपल्याकडचा कॉर्नफ्लॉर, मंचुरियनच्या ग्रेव्हीतला. अमेरिकेतल्या दुकानात ‘कॉर्नफ्लॉर’ मागितलं तर बारीक दळलेलं मक्याचं पिवळं पीठ हातात पडेल आणि ग्रेव्ही रवाळ होईल. म्हणून पाककृतीत दोन्ही नावं द्या. तो मैद्याच्या निम्माच लागतो, चरबीत परतायचा नसतो, गार पाण्यात कालवून उकळत्या रसात सोडायचा असतो, आणि त्याने ग्रेव्हीला मैद्याचा दुधटपणा न येता काचेसारखी चकाकी येते.