जुना डेस्कटॉप राहू दे

पडून असलेला डेस्कटॉप घरच्या व्हिडिओंचा सर्व्हर म्हणून लावायचा मोह टाळ. चोवीस तास 60 वॅट खाल्ले की महिन्याला 43 युनिट होतात. 10 वॅटच्या मिनी पीसीला जेमतेम 7. इंटेल एन100 प्रोसेसरचा मिनी पीसी घे. त्यातलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओसाठीचा खास भाग, व्हिडिओ रूपांतराचा भार उचलतं, प्रोसेसर निवांत राहतो. रास्पबेरी पाय 5 हा चिमुकला संगणक मला फार आवडतो, पण त्यात व्हिडिओ रूपांतराचा असा खास भाग (हार्डवेअर एन्कोडर) नाही, म्हणून या कामाला नको.

आवाजाचं खरं मूळ म्हणजे साडेतीन इंची हार्ड डिस्क. माझी लाकडी कपाटावर होती, रात्रभर घरघर. खाली रबराचे तुकडे सरकवले तेव्हा कुठे झोप लागली. सिस्टीम एसएसडीवरच (फिरते भाग नसलेली, बिनआवाजाची डिस्क) ठेव. आणि बिनपंख्याचा पीसी बंद कपाटात कोंडू नकोस, मे महिन्यात तापून मंदावेल. रॅम 8 जीबी पुरे.