‘अनभिज्ञ’ म्हणजे अडाणी का? वाक्यात कसा वापरायचा?

नाही. अनभिज्ञ म्हणजे एखाद्या ठरावीक गोष्टीची माहिती नसलेला. अडाणी हा शेरा अख्ख्या माणसावर बसतो. कोकणातल्या हर्णै बंदरावरचा तांडेल (मासेमारी नावेचा म्होरक्या) शाळेची पायरी चढला नसेल, पण अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाबाबत तो अनभिज्ञ नसतो. उलट चार पदव्या घेतलेला पर्यटक १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीबाबत अनभिज्ञ असू शकतो आणि जुलैत ताज्या सुरमईचा हट्ट धरतो.

फोड अशी: अन् + अभिज्ञ (जाणकार). पुढे स्वर आला की नकाराचा ‘अ’ ‘अन्’ होतो, म्हणून ‘अनाभिज्ञ’ चूक.

कशाबाबत ते आधी सांगावं लागतं: ‘नियमांबाबत, नियमांविषयी अनभिज्ञ’. ‘नियमांपासून अनभिज्ञ’ही छापून येतं, पण त्याला हिंदीचा वास येतो. नुसतं ‘तो अनभिज्ञ आहे’ अर्धवट वाटतं. मागच्या वाक्यात विषय आला असेल तरच चालतं.

सर्रास होणारी गल्लत ‘अज्ञात’शी. अज्ञात म्हणजे जे किंवा जो माहीत नाही तो: ‘अज्ञात इसम’. ‘मी या प्रकाराबाबत अज्ञात होतो’ हे साफ चूक.

बोलताना मात्र ‘मला ठाऊक नव्हतं’ पुरे. अनभिज्ञ अर्जात, बातमीत शोभतो, मासळीबाजारात नाही.