फ्रेंच ब्रेड घरच्या घरी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

बगेट या नावाने ओळखला जाणारा लांब, कडक सालीचा फ्रेंच ब्रेड घरी करू पाहणाऱ्या वाचकांचे बरेच प्रश्न आमच्याकडे आले. ते वाचताना एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली : बहुतेकांच्या कृतीत यीस्ट गरजेपेक्षा जास्त आहे आणि पिठाला मिळणारा वेळ गरजेपेक्षा कमी. पहिले उत्तर त्यामुळे सविस्तर दिले आहे. पुढची उत्तरे त्याच्याच आधाराने वाचावीत.

प्रश्न : माझ्याकडे घरगुती ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे आणि त्याचे तापमान २५० अंशांपर्यंत जाते. फ्रेंच ब्रेडच्या कृतींत कुठे दूध, साखर, लोणी असते, तर कुठे यांतले काहीच नसते. मूळ घटक कोणते, आणि पूर्वी कधीही ब्रेड न केलेल्या माणसाने सुरुवात कशी करावी? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मूळ घटक चारच आहेत : पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. यीस्टऐवजी आंबवलेल्या पिठाचे विरजणही चालते. फ्रान्समध्ये १३ सप्टेंबर १९९३ च्या शासकीय आदेशाने 'पारंपरिक फ्रेंच ब्रेड' या नावाखाली काय विकता येईल हे ठरवून दिले असून, त्या ब्रेडमध्ये रासायनिक पूरके घालण्यास आणि तो कोणत्याही टप्प्यावर गोठवण्यास मनाई आहे. शेंगवर्गीय पीठ किंवा माल्ट यांची अगदी अल्प मात्रा तेवढी मान्य आहे. आपल्याकडच्या बेकऱ्यांत फ्रेंच लोफ म्हणून जो मऊ, किंचित गोड पाव मिळतो, त्यात साखर आणि स्निग्धांश असतो. तो चवीला वाईट असतो असे नाही, मात्र तो वेगळा पदार्थ आहे आणि त्याची कृती वाचून बगेट होणार नाही.

सुरुवात वजनकाट्यापासून करावी. वाटीत मैदा सैल भरला की दाबून, यावर त्याचे वजन इतके बदलते की पाण्याचे प्रमाण दर वेळी वेगळे पडते. ब्रेड करणारे लोक पिठाचे वजन १०० धरून बाकी सर्व घटक त्या हिशेबात मोजतात. नवशिक्यासाठी १०० भाग मैद्याला ६२ ते ६७ भाग पाणी आणि २ भाग मीठ हे प्रमाण हाताळायला सोपे जाते. मैदा घेताना पाकिटावरचा प्रथिनांचा आकडा पाहावा आणि १०० ग्रॅममागे किमान १० ते ११ ग्रॅम असलेला निवडावा, कारण पिठाला ताण आणि जाळी देणारे ग्लुटेन या प्रथिनांपासूनच तयार होते.

आदल्या रात्री १०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम पाणी आणि दोन बोटांच्या चिमटीत येईल एवढेच इन्स्टंट यीस्ट एकत्र कालवून झाकून ठेवावे. फ्रेंच बेकर या सैल मिश्रणाला पूलिश म्हणतात. नाशिकच्या थंडीत त्याला बारा तास लागतील, मार्चनंतर सात-आठ तासांतच ते तयार होईल. पृष्ठभाग बुडबुड्यांनी भरलेला आणि मध्यभागी जेमतेम खचू लागलेला दिसला की ते वापरावे. चव बहुतांशी या टप्प्यात तयार होते, म्हणून हा टप्पा वगळून, त्याची भरपाई म्हणून यीस्ट वाढवणे हा या ब्रेडच्या बाबतीत सर्वांत महागात पडणारा आळस आहे.

सकाळी त्यात २०० ग्रॅम मैदा आणि ८५ ग्रॅम गार पाणी घालून कोरडे पीठ कुठे दिसणार नाही इतपत मिसळावे आणि अर्धा तास तसेच झाकून ठेवावे. पीठ नुसत्या पाण्यात मुरू देण्याची ही पद्धत फ्रान्समधील ब्रेडचे नामवंत अध्यापक रेमों काल्व्हेल यांनी रूढ केली. यंत्राने फार वेळ आणि जोरात मळलेल्या पिठात हवा मिसळून रंग आणि चव दोन्ही उडून जातात, अशी त्यांची तक्रार होती; पीठ आधी मुरले तर मळण्याचे काम बरेच कमी होते. अर्ध्या तासानंतर ६ ग्रॅम मीठ आणि जेमतेम एक ग्रॅम, म्हणजे मोजमापाच्या चमच्यांपैकी पाव टीस्पूनचा एक चमचा, इन्स्टंट यीस्ट घालावे आणि पाच-सहा मिनिटे मळावे. पीठ फार घट्ट वाटले तर आणखी १५ ग्रॅमपर्यंत पाणी थोडेथोडे मुरवावे. हे पीठ पोळीच्या कणकेपेक्षा बरेच चिकट असते आणि तसेच असायला हवे. हाताला चिकटते म्हणून वरून मैदा भुरभुरण्याचा मोह आवरावा आणि हात ओला करून काम करावे.

यानंतर दीड ते दोन तास पीठ झाकून ठेवावे आणि पहिल्या तासात अर्ध्या-अर्ध्या तासाने दोनदा त्याच्या चारही कडा ओढून मध्यभागी दुमडाव्यात. या घड्यांनी पिठाला जो ताठपणा येतो, तो मळून येणाऱ्या ताठपणापेक्षा अधिक उपयोगी असतो, कारण त्यात आत धरलेला वायू निघून जात नाही. पीठ दीडपटीहून थोडे अधिक फुगले की त्याचे दोन सारखे भाग करून सैल उंडे वळावेत आणि वीस मिनिटे विसावू द्यावेत. मग प्रत्येक उंडा हलक्या हाताने थापून लांबट आयत करावा, वरची कड मध्यापर्यंत आणून दाबावी, खालची कड तिच्यावर आणून सांधा बंद करावा आणि दोन्ही तळव्यांखाली मधून टोकांकडे लाटत लांबवावा. पॅरिसमधील बगेट साधारण २५० ग्रॅम वजनाचे आणि ६० सेंटिमीटरच्या पुढे लांब असते. घरगुती ओटीजीत ते मावणार नाही, म्हणून आपल्या ट्रेच्या मापाचे, २८ ते ३० सेंटिमीटरचे आखूड आणि थोडे जाड लोफ करावेत. त्यात कमीपणा काही नाही. उलट नवशिक्याला जाड लोफ आकाराला अधिक सोपा जातो.

बेकर असे लोफ जाड लिननच्या कापडाच्या घड्यांत ठेवतात. घरी जुना, स्वच्छ, सुती पंचा मैदा चोळून वापरता येतो. लोफच्या दोन्ही बाजूंना कापडाची घडी उभी करावी, म्हणजे तो आडवा पसरत नाही. पाऊण तासाने बोटाने हलके दाबून पाहावे : खड्डा लगेच भरून आला तर थांबावे, सावकाश आणि अर्धवट भरला तर भाजावे, अजिबात भरला नाही तर वेळ टळून गेली असे समजावे.

ओटीजी आत एक उलटा जाड ट्रे किंवा लाकडी-प्लॅस्टिकची मूठ नसलेला बिडाचा तवा ठेवून २५० अंशांवर निदान अर्धा तास तापवावा. लोफ बेकिंगच्या कागदावर घ्यावेत, नव्या ब्लेडने चिरा द्याव्यात आणि कागदासह तापलेल्या ट्रेवर सरकवावेत. पहिली बारा मिनिटे वाफ हवी असते, कारण ओलाव्यामुळे वरची साल लवकर आवळत नाही, लोफला पूर्ण फुगता येते आणि सालीवर तकाकी येते. ओटीजीत उकळते पाणी ओतण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिलेला असतो, तो मात्र पाळू नये. बहुतेक ओटीजींच्या खालच्या दांड्या उघड्या असतात आणि दाराच्या तापलेल्या काचेवर पाणी उडाले तर ती तडकू शकते. त्याऐवजी लोफवर खोल ट्रे किंवा पातेले पालथे घालावे. पिठातून निघणारी वाफ त्याखाली कोंडून राहते आणि तेवढी पुरते. ओटीजीत पंखा असल्यास तो बंद ठेवावा. बारा मिनिटांनी झाकण काढून आणखी बारा ते पंधरा मिनिटे, साल गडद तांबूस होईपर्यंत भाजावे.

प्रश्न : ओव्हनमधून काढल्यावर साल छान कुरकुरीत असते, पण तासाभरात ती चामड्यासारखी मऊ होते. रंगही फिकट येतो. (एक वाचक, पुणे)

उत्तर : या दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच आहे : ब्रेड लवकर बाहेर काढला जात आहे. आतल्या भागात शिल्लक राहिलेले पाणी थंड होताना बाहेरच्या सालीत येते आणि तिला मऊ करते. लोफच्या आतले तापमान ९६ ते ९८ अंशांपर्यंत गेले पाहिजे आणि त्यानंतरही रंगासाठी काही मिनिटे द्यावी लागतात. आपल्याकडे पिवळसर रंग आला की 'झाले' म्हणण्याची सवय आहे; या ब्रेडला त्याच्या दोन छटा पुढे जाऊ द्यावे. शेवटी ओव्हन बंद करून, दार किंचित उघडे ठेवून, पाच मिनिटे लोफ आतच राहू द्यावा आणि नंतर जाळीच्या स्टँडवर निववावा. ताटात ठेवलेल्या लोफचा तळ हमखास ओला होतो.

एवढे करूनही रंग फिकट राहिला तर पीठ फार आंबले का, हे पाहावे. पिठातील एन्झाइम स्टार्चपासून साखर तयार करतात, यीस्ट ती साखर खाते, आणि जी उरते तिच्यामुळे सालीला रंग येतो. जास्त आंबलेल्या पिठात ती उरतच नाही. पावसाळ्यात मात्र कितीही नीट भाजलेली साल संध्याकाळपर्यंत नरम पडते आणि त्याला इलाज परत गरम करण्याचाच आहे.

प्रश्न : एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे स्वयंपाकघरातही ३५-३६ अंश तापमान असते. पीठ तासाभरात आंबट होऊन सैल पडते. उन्हाळ्यात हा ब्रेड करूच नये का? (एक वाचक, चंद्रपूर)

उत्तर : अवश्य करावा, मात्र कृतीतल्या तासांवर विसंबू नये. मळलेल्या पिठाचे तापमान २४ ते २५ अंश असावे, हे उद्दिष्ट धरून पाण्याचे तापमान ठरवता येते. २५ ला ३ ने गुणून आलेल्या ७५ मधून खोलीचे आणि मैद्याचे तापमान वजा करावे; उरेल तितक्या अंशांचे पाणी घ्यावे. दोन्ही ३५ अंशांवर असतील तर उत्तर ५ येते, म्हणजे अक्षरशः बर्फाचे पाणी. मैद्याचा डबा आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवला तर हिशेब बराच सोपा होतो.

तुमच्या हवेत रात्रभर बाहेर ठेवायचे पूलिश सोडून द्यावे. ३०० ग्रॅम मैदा, १९० ते २०० ग्रॅम बर्फगार पाणी, ६ ग्रॅम मीठ आणि पाऊण ते एक ग्रॅम इन्स्टंट यीस्ट एकदमच मळून, अर्धा तास बाहेर ठेवून एकदा घडी घालावी आणि झाकणाच्या डब्यात बारा ते सोळा तास फ्रीजमध्ये ठेवावे. थंडीत यीस्ट मंदावते, पण चव निर्माण होण्याचे काम चालू राहते. दुसऱ्या दिवशी गार पीठ हाताळायलाही बरे पडते. माझ्या मते विदर्भातच काय, ठाण्या-मुंबईच्या दमट हवेतही वर्षातले निदान आठ महिने हीच पद्धत अधिक भरवशाची आहे.

प्रश्न : मैद्याऐवजी चक्कीवरून दळून आणलेले गव्हाचे पीठ वापरता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : संपूर्ण गव्हाचे पीठ वापरून उत्तम पाव होतो, परंतु बगेटची हलकी जाळी त्यात येत नाही. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या पापुद्र्यांना छेदतात, आणि चक्कीत स्टार्चचे कण दुखावले गेल्याने ते पीठ पाणीही खूप पिते. पोळीसाठी हा गुण, इथे अडचण. फ्रान्समध्ये पिठाचे वर्गीकरण ते जाळल्यावर उरणाऱ्या राखेवरून करतात आणि या ब्रेडसाठी टी ५५ किंवा टी ६५ क्रमांकाचे, बऱ्यापैकी पांढरे पीठ वापरतात. कोंड्यासकटचे पीठ टी १५० असते. आपल्याला चवीसाठी गव्हाचे पीठ हवेच असेल तर ३०० ग्रॅममधील ५० ग्रॅम मैदा काढून तेवढे चाळलेले पीठ घालावे आणि १० ग्रॅम पाणी वाढवावे.

प्रश्न : मी कॅनडात राहते. नागपूरच्या आईने यशस्वी केलेली कृती मी तशीच्या तशी केली तर पीठ दगडासारखे घट्ट होते. (एक वाचक, टोरांटो)

उत्तर : कॅनडात मिळणारे ऑल पर्पज पीठ नावाला साधे असले तरी त्यात प्रथिने साधारण १३ टक्के असतात, म्हणजे आपल्या मैद्यापेक्षा ते बरेच तगडे आहे आणि तेवढ्याच पाण्यात घट्ट होणारच. १०० भागांना ७० भाग पाण्यापासून सुरुवात करावी. आईंनी मात्र तुमचे हे प्रमाण उचलू नये.

प्रश्न : गोव्यात पूर्वी पोदेर (पाव करणारे बेकर) पाव आंबवायला माडाची सूर, म्हणजे माडी, वापरत. फ्रेंच ब्रेडलाही सूर चालेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : ताज्या सुरेत जिवंत यीस्ट असते, तेव्हा पीठ फुगेल. पण तिची ताकद दर दिवशी वेगळी, आणि तिची स्वतःची चव उंडो या गोव्याच्या गोल पावाला जशी शोभते तशी इथे शोभत नाही. पाण्याऐवजी सूर घालून केलेला पाव गोव्याचाच म्हणून खावा. तो अधिक चांगला लागेल.

प्रश्न : ब्लेडने दिलेल्या चिरा ओव्हनमध्ये उमलत नाहीत, नुसत्या रेषा राहतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : चीर आडवी देऊ नये. ब्लेड लोफच्या लांबीला जवळजवळ समांतर आणि पृष्ठभागाशी तिरके, साधारण ३० अंशांत धरून, अर्धा सेंटिमीटर खोल चीर एका झटक्यात द्यावी; पुढची चीर आधीच्या चिरेच्या शेवटच्या तिसऱ्या भागापासून सुरू व्हावी. तरीही उमलत नसेल तर दोष ओटीजीच्या वरच्या दांडीचा असू शकतो. ती इतकी जवळ असते की वरची साल दोन मिनिटांत आवळून जाते. पालथे भांडे घातल्यास हाही प्रश्न सुटतो, किंवा पहिली दहा मिनिटे फक्त खालची दांडी चालू ठेवावी. याशिवाय लोफ आधीच पूर्ण फुगून गेला असेल तर चिरेत जोर उरत नाही. पुढच्या खेपेस तो पंधरा मिनिटे लवकर भाजावा.

प्रश्न : उरलेला ब्रेड फ्रीजमध्ये ठेवावा का? दुसऱ्या दिवशी तो फारच कडक होतो. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नये. ब्रेड शिळा होतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. त्यातील स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागतो आणि फ्रीजच्या थंडीत ही क्रिया सर्वांत वेगाने होते. स्निग्धांश नसल्याने हा ब्रेड त्याच दिवशी संपवायचा असतो. दोनपैकी एक लोफ पूर्ण निवल्यावर पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवावा, तेथे तो दोन-तीन आठवडे चांगला राहतो. खाण्याआधी बाहेर काढून तासभर ठेवावा, सालीवर ओला हात फिरवावा आणि २०० अंशांवर सहा-सात मिनिटे गरम करावा. असा गरम केलेला ब्रेड लगेच खावा लागतो, कारण दुसऱ्यांदा तो फार भरभर कडक होतो.