चिंचोक्यांचा डबा आणि दुधाची वही

प्रश्न : ताई, आमचं घर सांगलीवाडीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या माळ्यापर्यंत पाणी होतं. थोरल्याच्या बारशापासूनचे सगळे अल्बम गेले, कुंची, झबली काही राहिलं नाही. धाकटी पुरानंतरची, आता सहा वर्षांची आहे. तिचं तरी सगळं नीट राहावं म्हणून छान डायरी आणली, रोज झोपायच्या आधी लिहायला बसवते, पण "सकाळी उठले, शाळेत गेले, जेवले" याच्या पुढं काही येत नाही आणि आता तर डायरी बघितली की रडायलाच लागते. दुसरीकडं चिंचोके, दगड, बांगड्यांचे तुकडे, कुल्फीच्या काड्या असलं सगळं एका डब्यात साठवते. सासूबाई म्हणतात कचरा आहे, टाक. काय ठेवू, काय टाकू? आणि परत पाणी आलं तर?
— एक आई, सांगलीवाडी

उत्तर : तुमचं पत्र वाचून पोटात कालवलं. पुरानंतर भांडी, गाद्या परत घेता येतात, पंचनाम्यात त्यांची नोंद तरी होते, बारशाच्या फोटोची कुठं होते?

आधी ते रोजचं लिहायला बसवणं आजपासून बंद करा. सहा वर्षांच्या पोरीचा हात अजून अक्षर वळवण्यातच अडकलेला असतो आणि तोंड मात्र धावत असतं. तर तिनं बोलायचं, तुम्ही लिहायचं, तेही तिच्याच शब्दांत, "आज्जीचा पाय ढगासारखा फुगला" म्हणाली तर तस्संच, दुरुस्त करायचं नाही. आठवड्यातनं एकदा पुरे. चित्र काढलं तर मागं तारीख आणि ते काढताना ती काय म्हणाली ते एका ओळीत.

विचारायचं कसं हेही महत्त्वाचं. "आज काय केलंस?" ला "काही नाही" हेच उत्तर येतं. "हरिपूरला संगमावर गेलो तेव्हा तू पाण्यात पाय घालायला का तयार नव्हतीस गं?" असं विचारा, मग बघा कशी बोलत सुटते, आणि तिला वेगळंच आठवत असलं तर "असं नव्हतंच" म्हणून तोडू नका. मोठेपणी आपल्यापैकी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं आठवत नाही, आणि सहाव्या वर्षी मुलांना जे लहानपणचं चांगलं आठवत असतं तेही आठ-नऊपर्यंत पुसट व्हायला लागतं, म्हणजे तुमच्या पोरीचं हेच वय आहे. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या २००० सालच्या एका अभ्यासात तिथल्या मूळच्या माओरी लोकांची सगळ्यात जुनी आठवण सरासरी पावणेतीन वर्षांच्या आसपासची निघाली, इतरांपेक्षा बरीच लवकरची. त्यांच्यात घरातल्या जुन्या गोष्टी पोरांना सांगत राहायची रीत मोठी आहे. आपल्याकडंही आज्जी रात्री हेच करायची की.

माझ्या आईकडं डायरी नव्हती, दुधाच्या रतीबाची वही होती. सकाळ १, संध्याकाळ अर्धा, आणि त्याच्या कडेला बारीक अक्षरात "आज 'तिकलं' म्हणाली" किंवा "मांजरीमागं जिन्यावरनं पडली, रडली नाही". २००५ ला गावभागातल्या घरात पाणी शिरलं, ती वही भिजली, शाईनं लिहिलेली पानं नुसती निळी होऊन गेली पण शिसपेन्सिलीनं लिहिलेलं आजही स्वच्छ वाचता येतं. म्हणून सांगते, जेल पेन नको, साधी पेन्सिल वापरा.

आता डबा. तो तिचा आहे, त्यात काय ठेवायचं ते तीच ठरवणार, सासूबाईंनाही हे प्रेमानं सांगा. डबा मात्र एकच, भरला की काय काढायचं तेही तिनंच बघायचं. आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी पाहिजेच. नुसता चिंचोका वीस वर्षांनी काहीच सांगणार नाही, पण "हरिपूरच्या वाटेवर आबांनी दिला, त्या दिवशी चप्पल तुटली" असं सोबत असलं तर अख्खा दिवस परत येतो. चिंचोके उन्हात खडखडीत वाळवून ठेवा, नाहीतर भुंगा लागतो. एसटीचं मशीनचं तिकीट काही महिन्यांत कोरं होतं, त्याची झेरॉक्स काढा. चिकटपट्टी लावू नका, पिवळी पडते आणि कागदही खाते. चिकट पानांचे जुने अल्बमही नकोत, फोटो सुटता सुटत नाहीत. एखादं झबलं ठेवायचं तर स्टार्च न घालता धुऊन जुन्या सुती धोतरात गुंडाळा, दिवाळीच्या साफसफाईला उघडून घडी बदला. बाकीच्या फ्रॉकांची वाकळ शिवून घ्या, पांघरून झोपताना "हा कधीचा गं आई?" हे रोज होईल.

पाण्याचं म्हणाल तर पत्र्याच्या ट्रंकेवर भरवसा ठेवू नका. आत झिपच्या जाड पिशव्या, आणि पावसाळ्याआधी वहीच्या पानांचे, चित्रांचे फोटो काढून त्यांच्या प्रिंट विट्याला नाहीतर असल्याच उंचावरच्या गावी पाहुण्यांकडं ठेवा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फोटोची क्वालिटी जाते. तरीही भिजलेच तर एकमेकांना चिकटून वाळायच्या आत, दोन दिवसांत, स्वच्छ गार पाण्यातनं हलकेच सुटे करा आणि सावलीत उताणे वाळवा, चित्राच्या बाजूला बोट लावू नका. वेळच नसला तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका, निवांत सुटे करता येतात.

प्रश्न : मुलगा १३ वर्षांचा. त्याची वही चुकून वाचली, त्याला कळलं. आता धड बोलत नाही आणि लिहायचंही बंद केलंय. काय करू?
— एक आई, सातारा

उत्तर : माफी मागा. "चुकून" हा शब्द वगळून मागा, कारण पहिलं पान चुकून वाचलं जातं, पुढची नाही, आणि तेराव्या वर्षी पोराला हे नीट कळतं. "काळजी वाटली म्हणून" हेही नको. वाचलेल्यातलं घरात कुणालाही सांगितलं नसेल तर ते स्पष्ट सांगा, सांगितलं असेल तर तेही सांगा. कपाटातला एक कप्पा कुलूप लावून त्याला द्या, दुसरी किल्ली स्वतःकडं ठेवू नका. लिहितोयस का म्हणून विचारू नका, नवीन वहीही आणून ठेवू नका. कधीतरी स्वतःहून म्हणाला वही पाहिजे, तर पैसे हातात द्या, कुठली घ्यायची ते त्याचं तो बघेल.