नागपुरात राहतो, मागे बायको आणि कधी आई बसणार: मिटिऑर 350 घेऊ की सुपर मिटिऑर 650?

तुम्ही लिहिलंय की उंची साडेपाच फूट, रोजचं मनीषनगर ते सीताबर्डी, आणि सुट्टीत वहिनींना घेऊन पचमढी नाहीतर चिखलदरा. अगदी शेवटी जाता जाता सांगितलंत की आईही कधीमधी साडीत मागे बसतात. भाऊ, तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. माझं उत्तर रॉयल एनफिल्डची मिटिऑर 350, तीही पाठटेकू असलेली. 650 ला मी वाईट म्हणत नाही, पण तुमच्या कामाला ती जड पडेल.

तुमच्या यादीतल्या दोन्ही गाड्या क्रूझर, आणि क्रूझर ही मुळात पुढे बसणाऱ्याच्या सुखासाठी घडवलेली गाडी. सीट खाली, पाय पुढे ताणलेले, हँडल हाताशी आलेलं. मागच्याची सीट बहुतेक क्रूझरमध्ये जवळपास चाकावरच येते आणि मागच्या शॉकअपला दबायला जागा कमी असते. रस्त्याचा दणका त्यामुळे सरळ कंबरेत जातो. पुढच्याला निदान खड्डा दिसतो, तो अंग सावरतो. मागच्याला दणका बसल्यावरच कळतं. त्यात फूटरेस्ट उंच असेल तर गुडघे वर येतात, मांड्या सीटवर टेकत नाहीत आणि सगळा भार माकडहाडावर.

म्हणून गाडी मागे बसून निवडायची. शोरूममध्ये सगळे पुढे बसतात, हँडल धरून आरशात बघतात आणि बुकिंग करून येतात. तुम्ही शोरूमच्या माणसाला चालवायला सांगा आणि स्वतः मागे बसा. मग तुम्ही चालवा आणि वहिनींना बसवा. तीन गोष्टी बघा: मांडी सीटला पूर्ण टेकते का, पाठटेकू कंबरेला खरंच लागतो की चार बोटं मागे राहतो, आणि तुम्ही ब्रेक दाबल्यावर त्या तुमच्यावर घसरत येतात का. हेल्मेटला हेल्मेट ठक्‌कन लागत असेल तर सीटचा उतार पुढे आहे, आणि तो कुशन लावून जात नाही. सीट बोटाने दाबून मऊ लागली म्हणून खूश होऊ नका. मऊ फोम सावनेर यायच्या आत खाली बसतो आणि मग खालचा पत्रा जाणवायला लागतो. थोडी कडक, रुंद सीट लांबच्या प्रवासात जास्त साथ देते. शक्य असेल तर एक दिवस तीच गाडी भाड्याने घेऊन रामटेकला जाऊन या. जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतं, आणि वहिनींचा चेहराच उत्तर देईल.

आता आकडे. मिटिऑर 349 सीसीची, ताकद साधारण 20 अश्वशक्ती, टॉर्क म्हणजे ओढ 27 न्यूटन मीटर, वजन 191 किलो, सीट 765 मिलिमीटर उंच, टाकी 15 लिटरची. साडेपाच फुटाच्या माणसाचे दोन्ही पाय छान टेकतात. मागे माणूस चढता-उतरताना गाडी हलते, तेव्हा हे फार कामाचं. तुम्ही दोघं आणि एक बॅग धरली तर एकूण वजन साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. एवढ्या ओझ्यावर ही गाडी ऐंशी-नव्वदला निवांत चालते. त्यापुढे पळते, पण तिला ते आवडत नाही. छिंदवाडा रोडवर ट्रक ओलांडताना गिअर खाली घ्यावाच लागतो आणि समोर मोकळं अंतर जास्त ठेवावं लागतं. पचमढीच्या वाटेवर तामियाच्या चढावर मात्र कमी आरपीएमची ओढ कामी येते, फारसे गिअर बदलावे लागत नाहीत.

सुपर मिटिऑर 650 ला हा त्रास नाही. 648 सीसी, दोन सिलिंडर, 47 अश्वशक्ती. मागे कोणी बसलंय हे इंजिनाला कळतच नाही. थरथरही कमी. पण वजन 241 किलो. सीट 740 मिलिमीटर, म्हणजे पाय टेकतील, तरी बर्डीच्या पार्किंगमधून ती मागे ढकलत काढायची असेल तेव्हा कळेल. ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यातलं अंतर, फक्त 135 मिलिमीटर. मागे माणूस बसला की गाडी आणखी खाली बसते, आणि आपल्या इकडच्या गल्लीतले गतिरोधक कोणी मापं घेऊन बांधलेले नाहीत. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत सिग्नलला उभं राहिल्यावर दोन सिलिंडरची धग पायांना लागते, ती वेगळीच. शिवाय हिच्या सगळ्या प्रकारांत मागची सीट सारखी नाही. घ्यायचीच झाली तर सेलेस्टियल घ्या, त्यात रुंद टूरिंग सीट आणि पाठटेकू येतो.

बरेच जण 650 घेताना समृद्धीचा विचार करतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला परवानगीच नाही, त्यामुळे शिवमडक्याला तो सुरू होतो त्याच्या पुढे तुमच्या बाईकला ते सातशे किलोमीटर बंदच. तुमचे रस्ते म्हणजे सावनेर-सौंसर-छिंदवाडा नाहीतर अमरावती-परतवाडा. तिथे शंभरच्या वर जायची वेळ फारशी येत नाही, मागे बायको असताना तर नाहीच.

पैशाचंही बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या बाईकवर जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्यांवर 40 टक्के झाला. दोन गाड्यांमधली दरी त्याने आणखी रुंद झाली. ती उरलेली रक्कम चांगली हेल्मेटं आणि सीट यांत घाला.

बाकीच्या गाड्यांबद्दल थोडक्यात. ॲव्हेंजर 220 क्रूझ मागे बसायला आजही गादीसारखी आहे आणि हलकीही, पण दोघं आणि सामान घेऊन घाट चढायचा म्हटलं की धाप लागते. होंडाची हायनेस गुळगुळीत चालते, फक्त सीट 800 मिलिमीटर आहे आणि बसण्याची ढब क्रूझरची नाही. पाय पुढे ताणायचा हट्ट नसेल तर जरूर बघा. जावा 42 बॉबर दिसते झक्कास, पण ती एका माणसाची गाडी आहे. फोटो बघून भाळू नका.

गाडी आली की पहिल्याच दिवशी दोन कामं करा. मागच्या शॉकअपचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, सहा टप्प्यांत बदलता येतो. एकट्यासाठी खाली आणि दोघांसाठी वर घ्या. लोक वर्षानुवर्षं त्याला हात लावत नाहीत आणि मग म्हणतात गाडी मागून आपटते. टायरची हवाही मागे माणूस असताना वेगळी लागते, आकडा गाडीच्या पुस्तिकेत आहे. हवा सकाळी थंड टायरमध्ये तपासा, उन्हात तापलेल्या सिमेंट रोडवरून आल्यावर नको, आकडा फसवतो. त्याच पुस्तिकेत एकूण किती वजन चालतं तेही दिलंय. पचमढीला निघताना बॅगा भरायच्या आधी बघून घ्या.

राहिल्या आई. त्या एका बाजूला बसत असतील तर पाय डावीकडे येतात आणि सायलेन्सर उजवीकडे असतो, हे बरंच आहे. पण साडी गार्ड काढून टाकायची जी फॅशन आहे ना बाप्पा, त्या भानगडीत पडू नका. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 123 प्रमाणे मागच्याला धरायला दांडा, पायाला फूटरेस्ट आणि मागचं निम्मं चाक झाकलेलं असायलाच हवं, आणि पदर चाकात जाणं ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. गार्डला खाली पाय ठेवायची पट्टी आहे का आणि ती त्यांच्या पायाला पोचते का, हे त्यांना शोरूममध्ये बसवूनच बघा. पाठटेकू तिथे कोपर टेकायच्या कामी येतो. हेल्मेट त्यांनाही लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम 129 मागच्यालाही लागू आहे. त्या नको म्हणतील, अंबाडा दबतो म्हणतील. मागच्या बाजूला अंबाड्यापुरती जागा असलेलं हेल्मेट मिळतं का ते दुकानात त्यांनाच घेऊन जाऊन बघा.